दुमडलेली कड

माझ्या सुतारकामाची एक वही आहे. ताईच्या मोठ्या चित्रांसाठी केलेल्या प्रत्येक चौकटीचं माप तिच्यात तारखेसकट लिहिलेलं आहे. उंची सगळ्यांची तीच, साठ इंच. रुंदी मात्र अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, साडेपंचेचाळीस, चव्वेचाळीस अशी उतरत उतरत शेवटच्या पानावर एकोणतीसवर आली आहे. अक्षर माझंच. ही वही मी रोज खिशात घेऊन फिरलो आणि दोन वर्षांत एकदाही ते आकडे एकाखाली एक वाचले नाहीत.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचे वडील रंगारी. लोकांची घरं रंगवायचे आणि उरलेले डबे घरी आणायचे. त्या डब्यांना हात लावला की मला फटका मिळायचा, ताईला मात्र मोकळीक होती. त्याला कारण होतं. एका घरात कपाट हलवल्यावर मागे जुन्या रंगाचा चौकोन उघडा पडला, आणि भिंतीशी जुळणारा रंग दुकानात मिळेना. ताईनं तीन डब्यांतले तळ एकत्र करून, काडीनं ढवळून रंग तयार करून दिला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर आपण कुठे रंगवलं ते वडिलांनाच सापडेना. ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगत. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ताई आठ वर्षांची होती, शेवटी शेवटी ती चार वर्षांची झाली होती.

एकोणिसाव्या वर्षी ती रंगाच्या कारखान्यात लागली, शेडरूममध्ये. काम एवढंच की तयार झालेला रंग नमुन्याच्या पट्टीशी जुळतो की नाही ते डोळ्यांनी सांगायचं. पुठ्ठ्यावर रंग ओढायचा, वाळू द्यायचा, खिडकीशी जायचं, बघायचं. पुढे त्यासाठी यंत्र आलं. यंत्र म्हणायचं बरोबर आहे, ताई म्हणायची, "यात हिरवा सांडलाय." माल परत आला की साहेब आधी यंत्राकडे बघत आणि मग ताईकडे. तिथं तिचं नाव पडलं काटा. तीस वर्षं तिनं नजरेवर पगार घेतला. त्यामुळे घरात तिच्या नजरेबद्दल शंका घेणं म्हणजे घड्याळाला वेळ शिकवण्यासारखं होतं.

दाजी गेले, नोकरी संपली, आणि मागच्या खोलीतला दाजींचा पसारा काढून तिनं तिथं रंग लावायला सुरुवात केली. "चित्र काढते" असं ती कधी म्हणाली नाही. रंग लावते, असंच म्हणायची. कुणाकडे शिकली नाही. चित्रात झाड नाही, डोंगर नाही, माणूस नाही. मी पहिल्यांदा विचारलं, "हे काय आहे?" तर म्हणाली, "झाल्यावर कळेल." झाल्यावर विचारलं तर म्हणाली, "आता विचारून काय उपयोग, झालं की ते."

तिची रीत मी जवळून बघितली आहे. सकाळी खोलीत यायची ती कॅनव्हासकडे पाठ करून. आधी एक रंग कालवायचा. कशासाठी, कुठे लावायचा, काही ठरलेलं नसायचं. रंग मनासारखा झाला की वळायचं आणि हात जाईल तिथं तो ठेवायचा. मग स्टुलावर बसून राहायचं. बराच वेळ. मग कधीतरी, "हा एकटा पडलाय," असं पुटपुटून दुसरा रंग कालवायला घ्यायची. ब्रश कमी, पुट्टी लावायची पट्टी, चिंधी, हाताचा अंगठा. आवडलेला भाग हटकून खरवडायची. मी हळहळलो की म्हणायची, "तो लाडात आला होता." आणि एका क्षणी हात आपोआप थांबायचा. जिथं हात थांबेल तिथं पुन्हा जायचं नाही, हा तिचा पहिला नियम.

दुसरा नियम फिरवण्याचा. चित्र झालं असं वाटलं की ते काढून आडवं लावायचं, मग उलटं, मग दुसऱ्या अंगानं आडवं. प्रत्येक बाजूला एक कप चहा. "सरळ उभं सगळ्यांनाच राहता येतं," ती म्हणायची. उलटं केल्यावर चित्र कुठे लंगडतं ते लगेच दिसायचं, आणि मग तो भाग पुन्हा. चारी बाजूंनी पास झालं की मागे पेन्सिलनं बाण काढायचा, ही वरची बाजू. नियम एक आणि नियम दोन यांचं आपसांत जमत नव्हतं हे तिला माहीत होतं. "म्हणून तर दोन आहेत," म्हणायची.

चित्रं लहान होती तोवर ती स्वतःच फिरवायची. मग एका चित्रदालनाच्या बाई आल्या. गळ्यात चष्मा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी उसासा. त्यांना मोठी चित्रं हवी होती. मी भिंतीवर फळी ठोकून दिली, त्यावर पाच फुटी कॅनव्हास पिना मारून लावायचा, चित्र झालं की काढून चौकटीवर ताणायचा. एवढा ओला कॅनव्हास फिरवायचा म्हणजे दोन माणसं हवीत. दुसरा माणूस मी. पिना उपट, फिरव, पुन्हा मार, चहा पी, पुन्हा उपट. एका चित्रापायी अख्खी दुपार.

वर्षभर केलं. मग माझी पाठ धरली. त्याच महिन्यात मी ताईला म्हणालो, "तुला आता फिरवायची काय गरज? हातच्या कंकणाला आरसा कशाला? यंत्राला खोटं पाडलंस तू." ती हसली नाही. म्हणाली, "बघ, तुला जमत नसेल तर राहू दे." मी राहू दिलं. उलट पुढच्या कॅनव्हासांवर बाण आधीच काढून ठेवायला लागलो, म्हणजे प्रश्नच नको.

त्यानंतर जे झालं ते इतक्या हळू झालं की आम्ही त्यावर हसलो.

ताई जेवायला आमच्याकडे असायची. एकदा माझी बायको ताट उचलताना म्हणाली, "वन्सं, बटाटे आवडले नाहीत का?" ताटाचा उजवा अर्धा भाग चाटूनपुसून साफ, डावीकडे बटाटे जसेच्या तसे. "बटाटे वाढलेच कुठे होतेस?" ताई म्हणाली. बायकोनं ताट तिच्यापुढे फिरवून ठेवलं, तेव्हा ताईनं निमूट खाल्ले. आम्ही तिला म्हातारी म्हणून चिडवलं. मग डाव्या हाताला ठेवलेला चहा थंड व्हायला लागला. मग ती एकदा स्वेटरची एकच बाही घालून आली, दुसरी मागे लोंबतेय. "नवीन फॅशन," मी म्हणालो. बायको मात्र हसली नाही. रात्री म्हणाली, "अहो, मला हे बरं दिसत नाही. वन्सं डावीकडच्या जगावर रुसल्यासारख्या वागतात."

मी म्हटलं, कलाकार आहे, असायचंच.

मग ताईचा डावा खांदा मागच्या खोलीच्या दाराला लागायला लागला. रोज. खांद्यावर निळा डाग पडला. तिनं मला सांगितलं, "तू बसवलेलं दार आत सरकलंय." आणि मी काय केलं? रंधा घेऊन गेलो आणि दाराची डावी बाजू अर्धा इंच तासून दिली. माणसाला काय झालंय ते न बघता मी लाकूड तासलं. पुढच्या आठवड्यात खांदा पुन्हा लागला, तेव्हा आणखी पाव इंच तासलं.

चित्रं याच काळात अरुंद होत होती. कॅनव्हास मी नेहमीसारखा अठ्ठेचाळीसचाच कापून द्यायचो, पण रंग डाव्या कडेपर्यंत पोचत नव्हता. आधी बोटभर कोरा कपडा राहायचा, मग चार बोटं, मग वीत. सुरुवातीलाच एकदा मी तिला म्हणालोसुद्धा, "ताई, इकडे रंग राहिला."

"कुठे?"

"इथं, डावीकडे."

तिनं बघितलं. म्हणजे मान थोडी हलवली. "भरलंय की. हात थांबला तिथं थांबले."

तेव्हा मनात पाल चुकचुकली. खोटं कशाला सांगू, चुकचुकली. पण ते नियम एकचं वाक्य होतं, त्यापुढे बोलायची माझी पद्धत नव्हती. मी दालनाच्या बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा लावला, उसासा टाकला आणि म्हणाल्या, "कोरं नको दिसायला. रंगवलेल्या भागाच्याच मापाची चौकट करा ना. उभी चित्रं आवडताहेत लोकांना." मला पटलं. सुताराला काय, मापाशी मतलब. रंग जिथं सुरू होतो तिथून माप घ्यायचं, तेवढी चौकट करायची, कोरी कड मागे दुमडायची आणि पिना मारायच्या. समोरून काही कळायचं नाही. सफाईदार काम होतं, त्याचा मला अभिमानही होता. ताईला तयार चित्र दाखवलं की ती मान डोलवायची. वहीत मी लिहायचो, एकेचाळीस. लिहायचो, अडतीस. लिहायचो, साडेचौतीस.

आणि चित्रं, खरं सांगतो, भीतीदायक झाली होती. सगळे रंग उजवीकडे गोळा व्हायचे, एकमेकांवर चढायचे, घराला आग लागल्यावर माणसं एकाच दारात दाटतात तसे. दालनात लोक त्यांच्यापुढे हळू आवाजात बोलत. कुणीतरी छापून आणलं की या बाईंच्या चित्रांत आता विलक्षण ताण आला आहे. ताईनं ते वाचून मला विचारलं, "कसला ताण रे?" मी म्हणालो, "कौतुक आहे, गप्प बस."

मग एका सकाळी रस्ता ओलांडताना तिला स्कूटरनं उडवलं. स्कूटर डावीकडून आली होती. चालवणारा रडकुंडीला येऊन सांगत होता की बाईंनी माझ्याकडे सरळ बघितलं आणि तरी पाऊल टाकलं. हाड मोडलं नाही. डोक्याला मार होता म्हणून इस्पितळात डोक्याचा फोटो काढला. संध्याकाळी डॉक्टरांनी मला आणि बायकोला आत बोलावलं.

गाठ उजव्या बाजूला होती. लहान लिंबाएवढी, डॉक्टर म्हणाले, आणि बोटांनी दाखवली. "हळू वाढणारी आहे. दोन वर्षं तरी झाली असतील. त्यांना डावीकडचं कळत नाही, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

"डोळे चांगले आहेत त्यांचे," डॉक्टर म्हणाले. "डावी बाजू डोळ्याला दिसते, पण डोकं तिची दखलच घेत नाही. आणि दखल घेत नाही हेही त्यांना कळत नाही, म्हणून त्या तक्रार करणार नाहीत. आता आत दाब वाढतोय. या आठवड्यात काढायला हवी. नाहीतर एक दिवस झोपतील आणि उठणार नाहीत."

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?"

पहिल्यांदा वाटलं घाबरली असेल. पण ती घाबरलेली नव्हती, ती खरंच सांगत होती. तिच्या हिशेबी जगात काहीच कमी झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी फोटो दाखवला. ती म्हणाली, फोटो कुणाचाही असेल, यंत्रं मी बघितलीत. ऑपरेशननं डाव्या हातावर परिणाम होऊ शकतो असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, तेव्हा तर संपलंच. "न दुखणाऱ्या डोक्यात हात घालून माझा हात घालवायचा?" स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाते असं लिहून देऊन ती घरी आली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं.

तीन दिवस गेले. बोलताना मध्येच तिचा डोळा लागायचा. सकाळी उलट्या. चौथ्या दिवशी तिनं मला माझ्या मुलाच्या नावानं हाक मारली आणि चूक कळल्यावर उगाच हसली. बायको दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. आत येऊन मला म्हणाली, "तुमचं ऐकतील. तुम्ही काहीतरी करा." मला माहीत होतं काय करायचं ते. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यात मी उघडा पडणार होतो, म्हणून तीन दिवस गेले.

शेवटचं चित्र अजून माझ्या दुकानात होतं, एकोणतीसचं. मी पिना उपटल्या. मागे दुमडलेली कड सरळ केली; एकोणीस इंच कोरा कपडा, मध्ये घडीची रेघ. गुंडाळी करून ताईच्या मागच्या खोलीत आणलं आणि भिंतीवरच्या फळीवर लावलं, बाणाप्रमाणे सरळ. बायकोनं ताईला स्टुलावर आणून बसवलं.

"हे तुझं शेवटचं," मी म्हणालो. "कसं आहे?"

ती बराच वेळ बघत राहिली. "चांगलं आहे. झालंय."

"कुठे काही राहिलंय?"

"नाही. भरलंय सगळं."

एकोणीस इंच कोरं तिच्यासमोर होतं. डॉक्टरांचं बोलणं मला त्या क्षणी कळलं, तोवर फक्त ऐकलं होतं.

मी पिना उपटायला घेतल्या. "काय करतोस?" ती म्हणाली. "फिरवतो," मी म्हणालो. बायकोनं एक टोक धरलं. आम्ही चित्र उलटं केलं आणि पुन्हा लावलं. कोरी बाजू उजवीकडे आली.

ताई ताठ झाली.

"हे कुणी केलं?"

तिनं कोऱ्या भागाकडे बोट केलं.

"अर्धं कोरं आहे हे. कुणी पुसलं?"

"कुणी नाही पुसलं. तू लावलाच नाहीस रंग. मघाशी हेच चित्र होतं, ताई. तेव्हा कोरं डावीकडे होतं."

ती उठली, भिंत धरून चित्रापाशी गेली आणि कोऱ्या कपड्यावर अंगठा फिरवला. अंगठा घडीच्या रेघेवर थांबला. रंगाऱ्याच्या घरातली मुलगी ती, आणि तीस वर्षं कारखान्यात काढलेली. घडी कशाची ते तिला सांगावं लागलं नाही.

"तू दुमडत होतास."

"हो."

"किती चित्रांत?"

मी वही काढली. तिनं हातात घेतली, मग बायकोकडे दिली. "तू वाच."

बायकोनं वाचलं. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. साडेपंचेचाळीस. चव्वेचाळीस. तिनं एकोणतीसपर्यंत सगळं वाचून काढलं. मी आयुष्यात इतका लाजलो नव्हतो.

"सांगितलं का नाहीस?" ताई म्हणाली.

"एकदा म्हणालो होतो. मग वाटलं, तुझी रीत असेल."

"आणि फिरवलं का नाहीस? फिरवलं असतं तर मलाच दिसलं असतं. पहिल्या चित्रालाच दिसलं असतं."

"पाठ..." मी सुरुवात केली. मग म्हणालो, "पाठ महिनाभर दुखली, ताई. नंतर कंटाळा केला."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पुन्हा एकदा त्या कोऱ्या बाजूकडे बघितलं, आणि तेव्हा मात्र ती घाबरली. बायकोला म्हणाली, "बॅग भर माझी."

इस्पितळात कागदावर तिनं सही केली, ती रेघेच्या पार उजव्या टोकाला, शेवटची दोन अक्षरं कागदाबाहेर. नर्सनं दुसरा कागद आणला. मी तो तिच्यासमोर जरा उजवीकडे सरकवून धरला.

ऑपरेशन सहा तास चाललं. ताई परत आली. डावा हात थोडा जड राहिला, पण डावीकडचं जग महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू परतलं; ताटातले बटाटे संपले त्या दिवशी बायको मोरीत जाऊन रडली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं की एका मोठ्या शिरेला चिकटलेला गाठीचा पातळ पापुद्रा त्यांना काढता आलेला नाही. बहुधा गप्प बसेल. नाही बसला तर लवकर कळायला हवं.

आता मी प्रत्येक चित्राला जातो. दर चित्र चारी बाजूंनी फिरवतो, चार कप चहा पितो. आणि फिरवण्याआधी डाव्या कडेला मोजायची टेप लावतो. ताईनं माझ्याकडून वचन घेतलं आहे की जो आकडा येईल तो मोठ्यानं सांगायचा, लगेच, तिच्या तोंडावर. नऊ महिने मी प्रत्येक वेळी "कडेपर्यंत" असं सांगितलं. दहाव्या महिन्यात एक इंच कोरं होतं. "हात थांबला असेल," ती म्हणाली, आणि आम्ही दोघांनी विषय तिथंच सोडला. नको होता सोडायला.

परवाचं चित्र करड्या रंगाचं होतं, खाली थोडा विटकरी. चांगलं होतं. तिनं पट्टी पुसून ठेवली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बघ."

मी टेप लावली. पुन्हा लावली. ती माझ्याकडे बघत होती.

"किती?"

"साडेतीन इंच," मी म्हणालो.

तिनं अंगठ्यावरचा रंग चिंधीला पुसला, बराच वेळ पुसला.

"फिरव," ती म्हणाली. "मला बघू दे. मग डॉक्टरांना फोन लाव."